गोठ्यात ठेवलेलं नाव

काम साधंच होतं. एका कागदावर बापाची सही घ्यायची.

शुक्रवारची सकाळ होती. जोनाथन पेणच्या एसटी स्टँडवर प्लॅस्टिकची फाईल काखेत धरून रोह्याच्या गाडीची वाट बघत होता. फाईलमध्ये एकच प्रतिज्ञापत्र. नोटरीकडच्या पोराने टाईप करून दिलेलं. 'सायमन आणि जोनाथन ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून सदर व्यक्ती माझा मुलगा आहे.' खाली रेघ, रेघेखाली 'वडील' असा शब्द. ती रेघ गेले वीस दिवस कोरी होती.

झालं होतं असं. पेणमध्ये ज्यूंची जी चार-दोन घरं उरली आहेत, त्यात मोझेस आणि हन्ना या त्याच्या आईबापांचं एक. बाकीचे कधीच इस्रायलला गेले. आता यांनीही अर्ज केला होता, तिघांचा. दोघांचे कागद पास झाले. पोराची फाईल परत आली. रोह्याजवळच्या गावात, जिथे तो जन्मला, तिथल्या नोंदवहीत त्याचं नाव सायमन होतं, आणि शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडे जोनाथन. वर शेरा होता, दोन्ही नावं एकाचीच असं बापाने लिहून द्यावं, नाहीतर हा मुलगा तुमचा नाही असं आम्ही धरू. महिनाअखेरपर्यंत मुदत.

जोनाथनला बावीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं की आपलं नाव आधी दुसरंच होतं. त्याने विचारलं तर बाप म्हणाला, चष्मा कुठेय. दुसऱ्या दिवशी पेन चालत नव्हतं. तिसऱ्या दिवशी 'बघू'. आईला विचारलं तर पप्पांना विचार. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत म्हणतात, ते खरंच आहे. त्यांना खोटं बोलायची गरजच पडत नाही. ती नुसती गप्प बसतात आणि आपण आपल्यालाच काहीतरी खोटं सांगून गप्प होतो.

पण हा गप्प होणाऱ्यातला नव्हता. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे आठ महिने शिफ्टा केल्या, तेही सोडलं. घरात बसलेलं पोर म्हणून आल्यागेल्याचे सल्ले ऐकून त्याचे कान किटले होते. हा कागद म्हणजे सुटका होती. तिकडे त्याला कुणी 'शिकत होतास ना रे?' असं विचारणार नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तो कुणाशी बोलला नव्हता. मोझेस दर शुक्रवारी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचा आणि दिवा लावायच्या आत परत यायचा. सांगायला कारण होतं, आपल्या लोकांच्या कबरींवरचं गवत काढतो. दर आठवड्याला? उन्हाळ्यातही? गवत नसताना? पोराने बारा-तेराव्या वर्षीच मनाशी ठरवून टाकलं होतं की रोह्याला बापाचं दुसरं बिऱ्हाड आहे. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. निघताना डबा आई द्यायची. भाकरी, गूळ, फडक्यात घट्ट बांधून. सवतीच्या घरी कोण भाकऱ्या भाजून पाठवतं?

आज बाप पुढे गेला होता. पोरगा तासाभराने मागून निघाला. तिथे त्या बाईच्या समोर कागद ठेवायचा, तिच्या पोरांसमोर. तिथे चष्मा हरवायचा नाही.

नागोठण्याला गाडी अर्धा तास थांबली. रोह्याला उतरून त्याने कुंडलिका ओलांडणारी सहासीटर धरली. गावाचं नाव त्याला जन्मदाखल्यावरून कळलेलं. आज्याचं नाव घेऊन घर कुठलं, एवढंच त्याने टपरीवर विचारलं. 'शनवार तेल्यांचं?' टपरीवाल्याने विचारलं. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव. घाणा जाऊन किती वर्षं झाली, नाव राहिलंय. 'ते आता शरीफचाचाचं. सरळ जा, नदीच्या अंगाला. तुझे पप्पा मघाशीच गेले.'

म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. तो भरभर चालू लागला.

घर साधं होतं. पुढे पत्र्याची पडवी, पडवीत गल्फहून आलेली मोठी बॅग, मागे गोठा. शरीफचाचा दारातच भेटला. पन्नाशीचा, दाढी पांढरी, हातात रिकामी बादली. पोराला बघून त्याने बादली खाली ठेवली आणि दोन्ही हात लुंगीला पुसले. कोण तू, असं त्याने विचारलं नाही.

'आता नको जाऊ मागं,' तो हळूच म्हणाला. 'बस. चाय घे. ते बाहेर येतील.'

'कोण ते?'

शरीफचाचाने बादली पुन्हा उचलली. आणि तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

मोझेस हसत होता. घरात हा माणूस हसलेला पोराला आठवत नव्हता. बातम्या बघताना नाकातून 'हं' करायचा, तेवढंच. इथे तो मोकळा, खालच्या आवाजात, लाडाने हसत होता.

'आज करपलीय रे जरा,' बाप म्हणत होता. 'तुझ्या आईचं लक्ष नव्हतं. खा, सायमन. खा, बाळा.'

तुझ्या आईचं.

जोनाथन जागीच थिजला. मग सगळं एकदम जुळलं आणि जुळलं तेच भयंकर होतं. दुसरा मुलगा आहे. बापाने याचं नाव काढून त्याला दिलं. आणि आईला माहीत आहे, तीच भाकऱ्या पाठवते. शरीफचाचाने दंड धरला तो त्याने झटकला आणि तो गोठ्यात शिरला.

बाहेर लख्ख ऊन होतं, पण गोठ्यात काळोख होता. पेंडीचा, शेणाचा, ओल्या केसांचा वास. आणि त्याखाली आणखी एक वास, जुन्या तिळाच्या तेलाचा. घाणा बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी लाकडात मुरून राहिलेला. डोळे हळूहळू सरावले. कोपऱ्यात बाप मांडी घालून बसला होता. टोपी डोक्यावर. त्याच्यासमोर एक म्हातारा बैल पडला होता. हाडांवर कातडं टाकल्यासारखा. बापाचा उजवा हात बैलाच्या कपाळावर पसरलेला होता, आणि ओठ हलत होते.

शब्द पोराच्या ओळखीचे होते. देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. शुक्रवारी बाप मुलाच्या डोक्यावर हात ठेवून हे म्हणतो. सिनेगॉगमध्ये त्याने इतरांच्या बापांना म्हणताना ऐकलं होतं. स्वतःच्या डोक्यावर हा हात कधी पडला नव्हता. आपल्याकडे तशी पद्धत नाही, असं आईने सांगितलं होतं.

गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं. बाई नव्हती, पोरं नव्हती.

बैलाने मान वळवली. डोळ्यांवर पडदा आलेला, दुधाळ. तरी तो जोनाथनकडेच बघत होता.

'सही करा,' जोनाथन म्हणाला. आवाज चिरका निघाला. त्याने फाईल बापाच्या मांडीवर टाकली.

मोझेसने कागद उलटा करून ठेवला. 'याच्यासमोर नको.'

मग नूरबानो आली, शरीफचाचाची आई, आज्याच्या वेळची शेजारीण. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. तिने उंबऱ्यावरच फतकल मारलं. तिनेच सांगितलं सगळं. मोझेसला ते जमलं नसतं. तो खाली बघत होता आणि बैलाच्या कानामागे खाजवत होता.

बावीस वर्षांपूर्वी हन्नाचं सव्वा महिन्याचं पोर तापाने फणफणलं. पावसाळा. पूल पाण्याखाली, रोह्याला न्यायला वाट नाही. आज्याने हझानला बोलावलं, प्रार्थना चालवणारा माणूस. तो पाण्यातून आला आणि म्हणाला, नाव बदला. ही ज्यूंमधली जुनी रीत. माणूस मरणाला टेकला की त्याचं नाव बदलायचं. मृत्यूचा दूत नाव विचारत येतो, त्या नावाचं कुणी सापडलं नाही की परत जातो. सायमनचा जोनाथन झाला. हझानने बजावलं, जुनं नाव सोडून द्या. पुन्हा उच्चारू नका.

इथे आज्याने माती खाल्ली. आजा पक्का तेली. तेल काढून उरलेली पेंड फेकत नसे, पेंडीची पाटी धुतलेलं पाणी फेकत नसे. चांगलं आपल्या बापाच्या बापाचं नाव असंच वाऱ्यावर सोडायचं? आणि दूत रिकाम्या हाताने गेला तर परत येणार नाही कशावरून? त्या रात्री गाय व्यायली होती. आजा तडक गोठ्यात गेला आणि त्याने ओल्या वासराच्या कानात सांगितलं, तू सायमन.

'मीच दिवा धरला व्हता,' नूरबानो म्हणाली.

'मग वासरू मेलं?' जोनाथनने विचारलं.

गव्हाणीत काहीतरी खसपसलं. उंदीर असेल.

'कोन नाय मेलं,' म्हातारी म्हणाली. 'तेच तर... पहाटे पोराचा ताप उतरला. आमी खूश. हन्नाने छातीला घेतला तर त्याने तोंड फिरवलं. तिचं दूध त्याने घेतलंच नाय, त्या दिवसापासून कधीच नाय. कुणी गोठ्याच्या बाजूने न्यायचं, की गायीकडे बघून हात टाकायचा, रडायचा. आन वासरू...' तिने काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. 'वासरू गायीला लागेना. दावं तोडून घरात यायचं. हन्नाच्या पाळण्यापाशी येऊन हुबं राह्यचं.'

'ती बोलत होती त्याच्याशी,' मोझेस खाली बघतच म्हणाला. 'ती हाक मारायची तेव्हा तो यायचा. तू नाही यायचास.'

हे ऐकून कुणाचंही डोकं फिरलं असतं. याचं फिरलंच. त्याने आठवायचं नाही ठरवलं तरी आठवलंच. पेणच्या बाजारात मोकाट गायी ज्याच्या त्याच्या पिशवीत तोंड घालतात. याच्या पिशवीत कधी घातलं नाही. याच्याजवळ येऊन त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि हात चाटायच्या. पोरं हसायची. तो दगड मारायचा. दगड खाऊनही त्या हलायच्या नाहीत.

पण हे सगळं त्याने मनातच ठेवलं. तोंडाने जे बोलला ते असं की, तुम्ही म्हातारी माणसं वेडी आहात. तापाने पोराचं पोट बिघडतं, ते आईचं दूध घेत नाही. वासराला माणसाचा लळा लागतो. तेवढ्यावरून तुम्ही बावीस वर्षं घरात एका पोराला पाहुण्यासारखं वाढवलंत. फी भरलीत, कपडे घेतलेत, आजारी पडलो तर डॉक्टरकडे नेलंत. पण जवळ घेतलं नाहीत. मला वाटायचं मी नापास होतो म्हणून. मी जन्मभर त्या एका गोष्टीचं कारण माझ्यात शोधत बसलो. आणि कारण इथे पेंड खात होतं.

'काही कमी केलं का तुला?' मोझेसने विचारलं.

'मुलगा म्हणालात कधी? तेवढंच लिहायचंय. लिहा.'

मोझेसने मान हलवली. नाही. मग त्याने जे सांगितलं, त्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. दोन नावं एक आहेत असं मी लिहून दिलं, तर ज्याला पत्ता सापडत नाहीये त्याला सापडेल. मग तो एकालाच नेईल. आणि कुणाला नेईल हे माझ्या हातात नाही. आम्ही दोघं इस्रायलला जाणार नाही. हन्नाचंही तेच म्हणणं. तू एकटा जाऊ शकत असशील तर जा.

बावीस वर्षं कुठला बैल जगतो? शरीफचाचा दारातून पुटपुटला. गुरांचा डॉक्टर आला की वय विचारतो, मी दहा वर्षं सांगतो. दर वेळी दहाच.

आणि इथे आपल्या पोराने तेच केलं, जे आज्याचा नातू असेल तोच करेल. जुनं नाव वाया कसं जाऊ द्यायचं? ते माझं आहे. मला परत पाहिजे. तो बैलाच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. बापाचा हात बाजूला केला आणि त्या कपाळावर स्वतःचा ठेवला. कपाळ गरम होतं. तापाचं गरम.

'नको रं पोरा,' नूरबानो म्हणाली.

'सायमन मी आहे,' तो बैलाच्या कानात म्हणाला. 'माझं नाव मला दे.'

बैलाने एक लांब श्वास सोडला. तो श्वास पोराच्या तोंडावर आला. त्याला पेंडीचा वास यायला हवा होता. आला तो कोमट दुधाचा, आणि त्यात हळदीचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. मग गोठ्यातला सगळा काळोख दोन्ही बाजूंनी जवळ आला.

तो जागा झाला तेव्हा जमिनीवर आडवा होता. वर कौलं, कौलांमधून ऊन. कुणीतरी त्याच्या तोंडाला पाणी लावत होतं. बाप. ओंजळीने.

'आणखी आण, शरीफ,' बाप म्हणत होता. 'याने सकाळपासून पाणी घेतलं नाहीये.'

बैल मेला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांतलं दुधाळपण गेलं होतं. काळेभोर, स्वच्छ डोळे. त्यांत असं काही होतं की नूरबानोने पदर टाकून ते झाकले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मोझेसने मग कागद उचलला. चष्मा खिशातच होता. पेन चाललं. त्याने कोऱ्या रेघेवर संथपणे सही केली, फुंकर मारली, आणि घडी न घालता कागद फाईलमध्ये ठेवला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

नदीकडे जेसीबीने खड्डा घेतला. मोझेसने शर्टाचा खिसा फाडला, जसा घरच्या माणसासाठी फाडतात, आणि उभं राहून कद्दिश, मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हटलं. त्यानंतरच्या प्रार्थनेत नाव घ्यायची जागा आली तेव्हा तो अडखळला. दोनदा. मग नाव न घेताच पुढे गेला. माती पडत असताना पोराला एकसारखं वाटत होतं की खड्ड्यातून कुणीतरी फार रागाने काहीतरी ओरडतंय. पण जेसीबीचा आवाज होता, आणि बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

परतीच्या गाडीत बापाने त्याला खिडकीशी बसवलं. रोह्यापासून पेणपर्यंत त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. घट्ट नाही, पण सोडलंही नाही. 'ऊन लागतंय का, बाळा?' त्याने नागोठण्याला विचारलं. पोराने मान हलवली. हेच त्याला पाहिजे होतं ना? बावीस वर्षं? मग अंगावर काटा का येत होता? हॉर्न असह्य मोठे वाटत होते. मांडीवरच्या फाईलमधली अक्षरं मुंगळ्यांसारखी दिसत होती, आणि ती वाचायला त्याला बराच वेळ लागला. बोट ठेवून. एकेक.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. हन्नाने शब्बाथचा दिवा तयार ठेवला होता, वात भिजवलेली, काडीची पेटी शेजारी. तिने दार उघडलं. नवऱ्याचा फाटलेला खिसा बघितला. मग तिने पोराच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ. मेलेल्या माणसाचा फोटो हातात आल्यावर बघतात तसं. तिने एक पाऊल पुढे टाकलं, थबकली, आणि नवऱ्याला, पण पोरालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

'कुठला आणलास?'

मोझेस चपला काढत होता. एक काढली. दुसरीचा पट्टा त्याला सुटेना.

'दिवा लाव, हन्ना,' तो म्हणाला. 'उशीर होतोय.'

तिने काडी ओढली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. आता ती त्याच्याकडेच बघत होती, उंबऱ्यावर उभ्या पोराकडे. त्याला सांगायचं होतं, मी आहे, मी, दुसरं कोण. नाव सांगायचं होतं. त्याने लहानपणीचं काहीतरी आठवून बघितलं, जे फक्त घरातल्या पोरालाच ठाऊक असेल, म्हणजे तिची खात्री पटेल. पहिली आठवण कोणती? त्याने डोळे मिटले.

आठवण लगेच आली, लख्ख. चार माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलंय. त्यातला एक शरीफ, दाढी अजून काळी, रडतोय. कुणीतरी वेसण घालायची टोकदार सुळी तेलात बुडवून पुढे आणतंय. आणि दारात बाप उभा आहे, पाठ फिरवून.

त्याने डोळे उघडले. दोन नाकपुड्यांच्या मधली जागा ठणकत होती. त्याने बोट लावून बघितलं, तर ओलं लागलं.

'बोल ना,' आई म्हणाली. 'कुठला तू?'